पहिली येळवस : बोलावणं आल्यापासून बिंदगी धुवेपर्यंत

लातुरात नव्याने राहायला आलेल्या माणसाला वर्षातला एक दिवस हमखास चकवतो. सकाळी अकराला तो गंजगोलाईत चहा प्यायला जातो आणि चहाच मिळत नाही. सोळा रस्ते जिथं येऊन मिळतात तिथं एक रिक्षा नाही, फळवाला नाही, सगळी शटरं खाली. बंद पुकारलाय का, काही दंगा झालाय का, असं विचारायलाही कुणी सापडत नाही. अख्खं शहर रानात गेलेलं असतं. त्या दिवशी येळवस असते, म्हणजे कॅलेंडरवाल्यांच्या भाषेत वेळ अमावस्या.

मी इथलीच. औशाच्या बाजूला आमचं थोडं रान आहे आणि दरवर्षी आमच्या कोपीवर, म्हणजे त्या दिवशी रानात बांधतात त्या कडब्याच्या खोपीवर, दोन-चार घरं तरी पहिल्यांदाच आलेली असतात. कुणी बँकेत बदलून आलेलं, कुणी पोरांच्या क्लासेससाठी खोली करून राहिलेलं. त्यांचे प्रश्न दरवर्षी तेच असतात: काय आणायचं, काय घालायचं, किती वाजता यायचं, जेवणाआधी शेतभर पळायचं असतं म्हणतात ते खरं का? म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आधी तारीख बघा

मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे येळवस. डिसेंबरात येते, कधी सरकून जानेवारीत जाते. 2023 साली ती आलीच नाही, आणि 2024 मध्ये दोनदा आली, 11 जानेवारीला आणि 30 डिसेंबरला. 2023 साली अधिक महिना होता, त्याची ही करामत. तेव्हा गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबून तिकिटं काढू नका.

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत जिल्हाधिकारी या दिवशी स्थानिक सुटी देतात, पण बँकांना ती बहुतेक वेळा लागू नसते. बँकेत असाल तर रजेचा अर्ज आधीच टाका, नाहीतर रिकाम्या शाखेत एकटे बसाल. पेट्रोल, गॅस, औषधं, दूध हे सगळं आदल्या दिवशीच बघायचं.

मराठवाड्यात आठ जिल्हे, पण हा सण सगळ्यांचा नाही. संभाजीनगरच्या मैत्रिणीला मी 'येळवस' म्हटलं तर तिला ती कुणाची जत्रा वाटली. लातूर आणि धाराशिव 1982 पर्यंत एकच जिल्हा होता, त्यामुळे हे दोन्ही पक्के येळवशीचे. शिवाय सीमेपलीकडे बिदर, कलबुर्गीकडे हाच दिवस 'एळ्ळ अमावस्या' म्हणून करतात. कानडीत 'एळ्ळु' म्हणजे तीळ आणि 'एळु' म्हणजे सात. त्यावरून नाव तिळाचं की सातव्या अमावस्येचं, हा वाद आमच्या कोपीत जेवण झाल्यावर दरवर्षी होतो. माझं मत तिळाला, कारण तिळाची भाकरी ताटात असते.

बोलावणं

शेत नाही म्हणून येळवस नाही, असं इथं होत नाही. ज्याला रान आहे तो नसलेल्याला बोलावतो. तुम्हाला दोन-तीन बोलावणी तरी येतील. सगळ्यांना 'हो' म्हणा, पण जेवायला कुणाकडं ते एकालाच सांगा आणि बाकीच्यांकडं आंबील प्यायला जा. तेवढ्यानं मान राहतो. आणि बोलावणं नाहीच आलं तर लाजू नका, ऑफिसातल्या कुणालाही सरळ म्हणा, "आमची येळवस तुमच्याकडं बरं का." ऐकणाऱ्याला आनंदच होतो. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही इथं बांधावरून हाक जाते.

नेताना काय न्यायचं? पेढ्याचा पुडा नको, त्या दिवशी विकतच्या गोडाला कुणी हात लावत नाही. फळं न्या. पोरांसाठी झोक्याचा दोर न्या, तो कुणाच्याच लक्षात राहत नाही आणि चिंचेखाली गेल्यावर सगळे त्यालाच शोधतात. आणि जमलं तर स्वतःच्या हातची आंबील किंवा भज्जी न्या. ते नेलंत तर तुम्ही पाहुणे राहत नाही, घरचे होता. म्हणून या दोन गोष्टी जरा सविस्तर.

दोन दिवस आधी : आंबील

आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ आणि ताक. सोपं वाटतं, बिघडतं मात्र पटकन.

बारा माणसांना तीन वाट्या पीठ पुरतं. दोन दिवस आधी रात्री हे पीठ थोड्या आंबट ताकात सरसरीत कालवायचं आणि वर फडकं बांधून ठेवायचं. डिसेंबरात इथं रात्री चांगलीच थंडी पडते, आंबायला वेळ लागतो, म्हणून भांडं चुलीजवळ किंवा शेगडीच्या ओट्यावर ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अठरा-वीस वाट्या पाण्याला उकळी आणायची, मीठ टाकायचं आणि ते कालवण बारीक धारेनं सोडत डावानं ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळ्या झाल्याच. पीठ शिजलं की रंग बदलतो आणि डावावर साय धरल्यासारखं बसतं. मग उतरवायचं आणि रात्रभर पूर्ण गार होऊ द्यायचं. पूर्ण म्हणजे पूर्ण. कोमट असताना ताक ओतलंत तर ताक फुटतं आणि आंबील चोथापाणी होते. सकाळी दहा-बारा वाट्या ताक, ठेचलेला लसूण, जिरं, कोथिंबीर. बस्स. साखर घालणाऱ्यांशी मी बोलत नाही.

भांडं मातीचं असेल तर उत्तम. त्यासाठी गंजगोलाईतून आठवडाभर आधी बिंदगी, म्हणजे मातीची घागर, घेऊन ठेवा. नवी बिंदगी दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवायची, नाहीतर निम्मी आंबील तीच पिते. स्टीलही चालतं. पितळेचं, तांब्याचं, ॲल्युमिनियमचं नको, आंबट पदार्थ त्यात कळकतो.

आणि झाकण घट्ट लावू नका! लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी हौसेनं आंबील क्लिपच्या डब्यात भरली आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसले. आंबील आतल्या आत फुगतच होती. औसा रोडच्या एका गतिरोधकावर झाकण उडालं ते थेट रिक्षाच्या छताला. पुढं बसलेल्या सासऱ्यांच्या पांढऱ्या टोपीवर कोथिंबीर. ते मागं न बघताच म्हणाले, "चर इथंच शिंपलाव की वो सूनबाई." चर म्हणजे काय ते पुढं येतंय. बिंदगीच्या तोंडाला फडकं बांधा, तेवढं पुरे.

आदली रात्र : भज्जी

येळवशीची भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. नवीन माणूस इथं हमखास फसतो. त्या दिवसांत रानात जे जे हिरवं असतं ते सगळं एका पातेल्यात, ती भज्जी.

आदल्या संध्याकाळी घरोघरी शेंगा सोलणं चालू असतं. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे ओले घाटे, वाल, पावटा, वाटाणा. बारा माणसांना सोललेले दाणे सगळे मिळून दीड किलो धरा. शेंगा त्याच्या दुपटीहून जास्त आणाव्या लागतात आणि सोलणारी माणसं चार तरी हवीत, म्हणून ही कामं टीव्ही लावून करतात. पालेभाज्या चार-पाच जुड्या: मेथी, पालक, चाकवत, कांद्याची पात, लसणाची पात, थोडा चुका. पाव किलो बेसन, दोन लिंबांएवढी चिंच, पंधरा-वीस हिरव्या मिरच्या, लसणाचे दोन गड्डे.

क्रम चुकवू नका. तूर, हरभरा, वाल, पावटा आधी शिजायला टाका, वाटाणा मागून. दाणा दोन बोटांत सहज चेपला की चिरलेल्या पालेभाज्या घाला. चिंचेचा कोळ आणि चुका अगदी शेवटी. आंबट आधी पडलं की दाणे शिजायचं नाव घेत नाहीत, मग तुम्ही तासभर गॅस जाळत बसा. माझ्या एका शेजारणीनं चिंच पहिल्यांदा टाकली आणि रात्री एक वाजता तिच्या नवऱ्यानं विचारलं, "दगड शिजवूलालीस का?" बेसन गार पाण्यात कालवून, गुठळी न ठेवता, हळूहळू ओतायचं आणि किमान पंधरा-वीस मिनिटं रटरटू द्यायचं, नाहीतर कच्च्या पिठाचा वास राहतो. मिरची, लसूण, जिरं वाटून त्यात. वरून फोडणी द्यायची की नाही यावर घराघरांत मतभेद आहेत. आमच्याकडं देत नाहीत. भज्जी सकाळपर्यंत घट्ट होते, म्हणून रात्री थोडी पातळच ठेवा.

बाकीचं ताट यजमान करतातच: बाजरीचे उंडे, तिळाची भाकरी, धपाटे, आंबट भात, गव्हाची खीर, गुळाची पोळी. उंडे करून बघायचे असतील तर एकच सांगते, पीठ ताजं दळून आणा. बाजरीचं पीठ आठवड्याभरात कडवट होतं. गरम पाण्यात मीठ घालून मळायचं, मुठीएवढे गोळे करायचे, अंगठ्यानं मध्ये खोलगट दाबायचे, म्हणजे आतपर्यंत वाफ पोचते, आणि चाळणीवर वाफवायचे. गार पाण्यात मळलं तर उंडा वाफेतच फुटतो. खाताना कुस्करून भज्जीत बुडवायचा. चमचा मागू नका.

सकाळी निघताना

नऊला निघा. दहानंतर शहराबाहेर पडणारे सगळे रस्ते गच्च असतात. ट्रॅक्टर, टमटम, दुचाकीवर चौघं आणि मध्ये बिंदगी. पूर्वी बैलगाड्या असायच्या, आता एखादीच दिसते, तीही फोटोला.

कपडे जुने, सुती. पायात बूट घाला, उंच टाचा नकोत, काळ्या रानाला या दिवसांत बोटभर भेगा पडलेल्या असतात. टोपी किंवा उपरणं लागेल, कारण सकाळी थंडी आणि दुपारी कडक ऊन. हरभऱ्यात सकाळी शिरू नका, पानांवर आंब असते, कापडाला आणि कातडीला लागली की चुणचुणतं. ज्वारी नुकती निसवलेली असते, तिच्यातून वाट काढू नका, बांधानंच चाला. शेंगा विचारून तोडा, कुणी नाही म्हणणार नाही. आणि हुरडा मागू नका! दरवर्षी एकजण तरी मागतो. येळवस डिसेंबरात असली की कणसात दाणाच भरलेला नसतो.

कोप

आता खरं काम. पोहोचल्यावर खुर्ची शोधू नका, कोप बांधायला हात लावा.

कोप म्हणजे कडब्याची छोटी खोप. एक पाचुंदा, म्हणजे पाच पेंढ्या लागतात. आजकाल सोयाबीनमागं हरभरा घेतात, ज्वारी कमी झाली, त्यामुळं पुष्कळांना कडबा विकत आणावा लागतो. पाच माणसं हातात एकेक पेंढी घेऊन अर्धगोलात उभी राहतात. बुडखे जमिनीत रोवायचे. भेगा असतातच, त्यातच ते बसतात, वरून पायानं माती दाबायची. मग शेंडे मध्ये वाकवून एकत्र धरायचे आणि सुतळीनं करकचून बांधायचे. पहिल्यांदा धरणाऱ्यांचे हात हमखास कापतात, कडब्याच्या पानाला धार असते. तोंड मोकळं ठेवायचं. वरून शाल किंवा नवी चादर घालतात.

आत जमीन सारवून पाच दगड मांडतात, ते पाच पांडव. मुलांना इथंच कामाला लावा. बांधावरून हातात मावतील असे गोटे शोधून आणायला सांगा, ते धुवून चुना फासायचा आणि वाळल्यावर काव कालवून काडीनं नाक-डोळे काढायचे. आमच्या पुतणीनं एका वर्षी भीमाला मिशा एवढ्या मोठ्या काढल्या की आजीनं पूजा करताना हळदीकुंकू कुठं लावू म्हणून विचारलं. चुना रात्री भिजवून ठेवा आणि मुलांच्या डोळ्यांपासून जपा, भाजतो.

हळदीकुंकू, ओटी, नैवेद्य. पूजा घरातल्या मोठ्या बाईनं किंवा जोडप्यानं करायची. तुम्ही चपला लांब काढून मागं उभं राहिलात तरी चालतं. तुम्हालाही हळदीकुंकू वाहायला बोलावतील.

चर शिंपणे

हाच तो पळायचा भाग. नैवेद्यातलं थोडं थोडं आंबिलीत कालवतात, तो चर. एकजण तो घेऊन पुढं, एकजण पाण्याचा तांब्या घेऊन मागं, आणि दोघांच्या मागं उरलेली सगळी पलटण. शेताच्या कडेनं चालत पिकावर चर शिंपडायचा आणि ओरडायचं: "ओलगे ओलगे, सालम पलगे!" उच्चार शिवेगणिक बदलतो, तुमच्या पुढचा जे म्हणेल तेच म्हणा. जोरात म्हणा. शेजारच्या रानातूनही तीच आरोळी येत असते, आणि जास्त मोठा आवाज कुणाचा यावर दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांत शर्यत लागते.

पुढं कुणाला चालू द्यायचं? ज्याला बांध माहीत आहे त्याला. आमच्याकडं सालगडीच पुढं असतो. आमच्या घरातल्या पोरांना आता आपली हद्द कुठं संपते हे सांगता येत नाही, त्याला अंधारातही येतं. पंगतीत पहिलं ताटही त्याच्या घरच्यांना.

जेवण आणि दुपार

यावर फार लिहायला नको. खा. दोनदा वाढतील, तिसऱ्यांदा 'नको' म्हणा, तरीही वाढतील. उठायला लागलात तर माझी सासू म्हणतेच, "बसा की वो, आंबील पिल्याबिगर कुठं जाऊलालाव?" आंबील जेवताना कमी आणि जेवणानंतर जास्त प्या, मग झाडाखाली जी झोप लागते तिला तोड नाही. पोरं झोक्यावर. मोठे पत्त्यांवर. थर्माकोलच्या पत्रावळ्या आणल्या असतील तर त्या परत घेऊन जा, रानात टाकू नका.

सगळ्याच येळवशी अशा हिरव्या नसतात, हेही सांगायला हवं. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच्या आधीची येळवस जानेवारीत होती. आमच्या रानात तेव्हा तूरसुद्धा उभी नव्हती. भज्जीचे दाणे बाजारातून आणले, अर्धा किलोच. कोप बांधली, चर नुसत्या मातीवर शिंपला. आरोळी त्या वर्षीही दिली.

संध्याकाळ

बरेच पाहुणे चार वाजता निघतात. थांबा. दिवस कलला की कोपीसमोर तीन दगडांची चूल मांडून छोट्या बोळक्यात दूध तापत ठेवतात आणि ते मुद्दाम उतू जाऊ देतात. ज्या बाजूला उतू जाईल त्या बाजूचं पुढच्या वर्षी पीकपाणी चांगलं, असं आमच्याकडं मानतात. आमचे आबा चुलीचा एक दगड हळूच पायानं सरकवून दूध स्वतःच्या रानाकडं वळवतात. सगळ्यांना माहीत आहे. कुणी बोलत नाही.

मग हेंडगा. कडब्याचा, वाळल्या गवताचा टेंभा बांधून पेटवायचा आणि पिकाभोवती फिरवायचा. अंधार पडू लागला की लांब लांबच्या शिवारात असे ठिपके धावताना दिसतात. इथं मात्र डोकं शाबूत ठेवा. टेंभा मोठ्या माणसाच्याच हातात द्या, सोबत पाण्याची घागर घेऊन दुसरा माणूस हवा. वाळलेली तूर, उसाचं पाचट, कडब्याची गंजी यांच्या जवळून जायचं नाही. वारा असेल तर कोपीपुढंच ओवाळून विझवा, देव रागावत नाही. नायलॉनची साडी किंवा ओढणी असेल तर लांबूनच बघा.

घरी आल्यावर

उरलेली भज्जी टाकून देऊ नका, दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणखी मुरलेली असते. तव्यावर कडक केलेल्या शिळ्या भाकरीबरोबर खा. ज्यांना ड्यूटीमुळं येता आलं नाही, पोलीस, नर्स, तुमच्या सोसायटीचा वॉचमन, त्यांच्याकडं एकेक वाटी पाठवा, इथं तशी पद्धत आहे. पांढरे दगड रानातच बांधाला ठेवायचे.

आणि बिंदगी. ती राखेनं किंवा नुसत्या गरम पाण्यानं नारळाच्या शेंडीनं घासा, दोन दिवस उन्हात पालथी घाला आणि तोंडाला कापड बांधून माळ्यावर ठेवा. साबण लावू नका. माती साबण पिऊन घेते, मग पुढच्या येळवशीला पाहुणे आंबिलीचा पहिला घोट घेऊन तुमच्याकडं बघतात आणि काही बोलत नाहीत.